अंतिम आकडा आल्याशिवाय चर्चा नाही

२ जून

बारावीचा निकाल लागला. ठकीला उत्तम मार्क पडले. मी गंभीर राहिलो. घरात एकानं तरी गंभीर राहावं लागतं.

जेवताना ठकीनं जाहीर केलं की तिला केमिस्ट्रीची डिग्री करायची आहे. मी ओरडलो नाही, ताटही सरकवलं नाही. फक्त विचारलं, त्यातून मिळणार काय? म्हणाली, केमिस्ट्री. हे काही उत्तर नव्हे.

रंगाच्या कारखान्यात इतकी वर्षं मी कॉस्टिंग सांभाळतो आहे. डब्याचं झाकण पातळ करायचं की जाड ठेवायचं, हेसुद्धा माझ्या कागदाशिवाय ठरत नाही. मग पोटच्या पोरीचं आयुष्य असं हवेत कसं ठरू द्यायचं?

संकल्प: केमिस्ट्रीच्या डिग्रीला खर्च किती आणि त्यातून कमाई किती, याचा संपूर्ण अभ्यास करायचा. खुल्या मनानं. फी भरायची शेवटची तारीख ३० जून आहे. रिपोर्ट १५ ला तयार. तोवर घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही.

निष्कर्ष अर्थातच नकारार्थी येणार. पण मन खुलं आहे.

३ जून, सकाळी

पद्धत ठरली. डिग्री म्हणजे मशीन. खरेदीची किंमत, बसवण्याचा खर्च, चालवण्याचा खर्च, उत्पादन, आयुष्य, दरवर्षीचा घसारा आणि शेवटी भंगारात येणारी किंमत. सगळं चपखल बसतं. हे आधी कोणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटलं.

बायकोला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, ठकीची भंगारातली किंमत किती धरली? मी म्हटलं, ठकीची नव्हे, डिग्रीची, आणि ती शून्य धरली आहे. मग ठीक आहे म्हणाली आणि फक्त स्वतःपुरता चहा करून घेतला.

३ जून, संध्याकाळी

एक्सेल ऐकेना. ठकी शेजारी येऊन बसली आणि फॉर्म्युले दुरुस्त करून दिले. खरं तर तटस्थ व्यक्तीची मदत घ्यायला हवी होती, पण घरात दुसऱ्या कोणाला एक्सेल येत नाही. पोरगी स्वतःच्याच विरुद्धचा हिशेब मांडून देत होती आणि वर गुणगुणत होती. तिला व्यवहार कळत नाही, याला आणखी पुरावा नको.

५ जून

खर्चाची बाजू पूर्ण. फी, पुस्तकं, बसभाडं, पांढरा कोट, लॅबमध्ये लावायचा जाड चष्मा. शिवाय ओव्हरहेड: टेबलावरच्या दिव्याची वीज आणि अभ्यास करताना लागणारी जादा भूक. परीक्षेच्या दिवसांत बिस्किटांचा डबा दुप्पट वेगानं संपतो. हे निरीक्षण माझं स्वतःचं आहे.

मोडतोडीसाठी वेगळी तरतूद केली. ठकीच्या हातून काच फुटायला निमित्त लागत नाही.

‘पर्याय ब: परगावी, हॉस्टेल’ असा एक रकाना ठकीनं घुसवला होता. तो मी काढून टाकला. घरासमोरून सुटणारी बस थेट कॉलेजच्या दारात थांबते, मग हॉस्टेल कशाला? ती म्हणाली, बाबा, मला त्या कॉलेजबद्दलच तर बोलायचं होतं. मी म्हटलं, तपशील नंतर.

६ जून

बायको बँकेतून हाफ डे घेऊन आली आणि ठकीला घेऊन कुठेतरी जाऊन आली. दोघींचे चेहरे फुललेले. मला काहीतरी फीबद्दल सांगायला लागली. मी हात वर करून थांबवलं. अंतिम आकडा आल्याशिवाय चर्चा नाही. तिनं एकदा ठकीकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं.

घराला हळूहळू शिस्त लागते आहे.

९ जून

आता कमाईची बाजू. इंटरनेटवर पगाराचे आकडे ढीगभर, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आपण स्वतः गोळा केलेली माहिती ती खरी. आमच्या कारखान्यात लॅब आहे. आजवर मी तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथला वास मला सोसत नाही. आज नाकाला रुमाल लावून गेलो.

तिघं आहेत. मुख्य बाई, एक उंच गृहस्थ ज्यांना अख्खा कारखाना शिडी म्हणतो, आणि अलीकडेच लागलेली एक मुलगी, जिला सगळे नवी म्हणतात. तिघांनाही वेगवेगळं गाठून पगार विचारला. बाईंच्या भुवया वर गेल्या, पण मुलीचं सांगितल्यावर त्या विरघळल्या. तिघांची अट एकच, कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, कॉस्टिंगवाल्याच्या पोटात गेलेलं ओठावर येत नाही.

११ जून

ज्यांनी माहिती दिली त्यांना निष्कर्ष कळवणं हा अभ्यासातला शिष्टाचार आहे. तिघांच्या पगारांचा देखणा रंगीत आलेख काढला आणि प्रत्येकाला एकेक प्रत नेऊन दिली. नावं अजिबात घातली नाहीत. पगाराच्या उतरत्या क्रमानं अ, ब आणि क एवढंच लिहिलं.

१२ जून

लॅबमध्ये माणसं तिघंच असल्यामुळे थोडा गैरसमज झाला. शिडीला कळलं की आपण क. नवी ही ब निघाली.

१३ जून

शिडीनं नमुने तपासणं थांबवलं. लॅबची पास चिठ्ठी आल्याशिवाय गोदामातून एक डबा हलत नाही, असा नियम आहे म्हणे. गेटवर ट्रकांची रांग. बाईंनी शिडीची बाजू घेतली. नवीनंही घेतली, जिचं खरं तर काहीच बिघडलं नव्हतं.

साहेबांनी बोलावलं. माझा आलेख त्यांच्या टेबलावर पडला होता. विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, मुलीच्या भवितव्यासाठी. साहेबांनी खिडकीतून ट्रक मोजले.

रिपोर्टसाठी नोंद: केमिस्ट लोक तापट असतात. जोखीम जास्त.

१५ जून

लॅबला पगारवाढ मिळाली. तिघांनाही. शिडीनं मला जिन्यात गाठून मिठी मारली. त्याच्या कोटावरचं काहीतरी निळं माझ्या नव्या शर्टाला लागलं. साबणानं जात नाही.

वाढीव पगार कुठून तरी भरून काढायचा म्हणून कॉस्टिंगची नवी खुर्ची रद्द झाली. मानेला टेकू असलेली होती. तिची मंजुरी मिळवायला मी साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

त्यात केमिस्टचा सरासरी पगार वर गेल्यानं माझे सगळे आकडे बिघडले. आज द्यायचा रिपोर्ट आता २० ला. ठकीला सांगितलं. ती म्हणाली, काही हरकत नाही बाबा, सावकाश होऊ द्या. जिचं सगळं पणाला लागलं आहे तिनं इतकं निवांत असावं, याची मला काळजी वाटते.

१६ जून

केमिस्ट्रीसाठी कॉलेजची पायरी चढावी लागत नाही, हे प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. विषय: शर्टावरचा निळा डाग. कपड्यांच्या ब्लीचनं गेला नाही. फरशीच्या अॅसिडनंही गेला नाही. वेगवेगळे निम्मं काम करत असतील तर एकत्र पूर्ण करतील, असा सरळ हिशेब केला. बाथरूमचं दार लावून घेतलं आणि बादलीत दोन्ही ओतलं.

त्यानंतर मी गॅलरीत होतो. मधलं नीट आठवत नाही. ठकीनं दार ढकललं, मला कॉलर धरून बाहेर ओढलं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आईला बाथरूमच्या आसपास फिरकू दिलं नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो म्हणे. आधी ती माझ्यावर ओरडली आणि मग रडली. तिला रडताना पाहून मलाही कसंतरी झालं. तो वायूचा परिणाम असणार. डॉक्टरांनी छाती तपासली आणि घरी पाठवलं.

बायको म्हणाली, हे कमाईच्या रकान्यात धरा. मी सांगितलं, वडील वाचवणे ही एकवेळची बाब आहे, वार्षिक उत्पन्नात धरता येत नाही. ती म्हणाली, मी तुम्हाला ओळखते, दरवर्षी धरा.

डाग मात्र गेला. त्या जागचं कापडही गेलं.

१९ जून

तुलनेशिवाय अभ्यास अपुरा. केमिस्ट्री न करता ठकीनं माझ्यासारखं कॉमर्स करून कॉस्टिंगला यावं, हा दुसरा पर्याय. त्यासाठी खात्रीचा नमुना घरातच आहे, तो म्हणजे मी. माझी फी, माझी पुस्तकं, क्लास, दोनदा द्यावी लागलेली शेवटची परीक्षा आणि त्यानंतरचा सगळा पगार घातला. घसारा तोच, पद्धत तीच.

उत्तर बघून पुन्हा घातलं. तिसऱ्यांदाही घातलं.

माझी डिग्री अजून वसूल झालेली नाही. सध्याच्या गतीनं रिटायर झाल्यावर काही वर्षांनी होईल.

फॉर्म्युल्यात काहीतरी चूक असणार. सवडीनं शोधीन. तूर्त तो कॉलम लपवला आहे. लपवला म्हणजे खोडला नाही, दोन्हींत फरक आहे. रिपोर्ट २० ऐवजी २५ ला.

२२ जून

रोज संध्याकाळी चहानंतर ठकी आणि मी शीट घेऊन बसतो. आज शीट बाजूलाच राहिलं. मी सहज म्हटलं की तेलाच्या रंगाच्या डब्यात दरवेळी माल कमी भरतो आणि ती तूट मी कामगारांच्या निष्काळजीपणाच्या खात्यात टाकतो. तिनं विचारलं, डबे उघडे राहतात का? म्हणाली, तेलाचा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, म्हणून वर साय धरते, आणि ती साय तुम्ही फेकता. मग कागदावर गोल आणि रेघा काढून मला ते दाखवत बसली. लहानपणी घर आणि झाड काढून दाखवायची तशीच.

इतकी वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली आणि रंग वाळतो कसा हे कधी विचारलं नव्हतं. ते माझ्या खात्यात येत नाही.

सगळी संध्याकाळ यात गेली. ‘बापाचा वेळ’ असा एक रकाना खर्चाच्या बाजूला टाकला. दर काय लावायचा ते ठरेना, म्हणून तो रिकामा ठेवला.

२५ जून

रिपोर्ट जवळजवळ तयार. फक्त अक्षरांचा आकार पसंत पडत नाही. शिवाय आशावादी, निराशावादी आणि मध्यम अशी तीन चित्रं हवीत. ठकी म्हणाली, एका संध्याकाळी एक चित्र करू. योग्य वाटलं. रिपोर्ट २९ ला.

बायको म्हणाली, रिपोर्ट संपत का नाही ते मला पक्कं ठाऊक आहे. विचारलं, का? म्हणाली, तुम्हीच शोधा, अभ्यासू आहात. मी अक्षरांच्या आकाराचं सांगितलं.

२६ जून

घरात अनाठायी खर्च सुरू झाला आहे. दोन नव्या चादरी, एक छोटी उशी, बादली, कुलूप आणि चाकांची भलीमोठी बॅग. घरात चादरींना तोटा नाही. कुलूप तर दारालाच आहे. विचारल्यावर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बायको म्हणाली, सांगू का? मी म्हटलं, किरकोळ खरेदीचा खुलासा महिनाअखेरीस एकदम घेईन, आता माझं लक्ष रिपोर्टवर आहे.

ठकीनं मला विचारलं, बाबा, तुम्ही कधी आईवडिलांना सोडून लांब राहिला होतात का? नाही म्हटलं. तिच्या डोक्यात काय काय येत असतं.

२८ जून

घसाऱ्याचा दर पक्का करायला लॅबमध्ये गेलो. आजकाल तिथला वास तितका जाणवत नाही. बाईंना विचारलं, तुमची डिग्री दरवर्षी किती टक्के झिजते? त्यांनी हातातली काचेची नळी खाली ठेवली. म्हणाल्या, मी लागले तेव्हा एक रंग जुळवायला मला अख्खा दिवस लागायचा, आता जेवणाच्या सुट्टीआधी चार जुळतात, तुम्हीच सांगा किती झिजली. शिडी मागून म्हणाला की झिजतात त्या फक्त चपला.

मशीन वापरून झिजतं, हे वापरून वाढतं. मग मशीन धरण्यातच काही घोटाळा झाला का? पण पद्धत आता बदलता येत नाही. नुसता घसाऱ्याचा दर शून्य केला. लॅबचे वाढीव पगारही घेतले. याला आकडे ठोकून बसवणं म्हणत नाहीत, फेरविचार म्हणतात.

२९ जून

रिपोर्ट पूर्ण. केमिस्ट्रीची डिग्री परवडते. नोकरी लागल्यापासून तिसऱ्या वर्षी सगळा खर्च वसूल. निष्कर्ष असाच येणार हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

उद्या रजा टाकली आहे. सकाळी रिपोर्ट बाइंड करून घ्यायचा, मग कॉलेजात जाऊन फी भरायची, आणि संध्याकाळी ठकीच्या हातात रिपोर्ट आणि पावती दोन्ही एकदम ठेवायचं. तिला कल्पना नाही. आनंदानं उडीच मारेल.

३० जून, संध्याकाळी

घडलं तसं क्रमानं लिहितो.

बाइंडिंगवाल्यानं सोनेरी अक्षरांसाठी दुपार केली. तिथून बसनं कॉलेज. फीच्या खिडकीवर चेक पुढे केला आणि म्हटलं, केमिस्ट्री, पहिलं वर्ष. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. म्हणाला, केमिस्ट्री इथं केव्हाच बंद झाली, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? विचारलं, मग कुठे आहे? म्हणाला, या गावात कुठेच नाही. आणि आज शेवटची तारीख आहे, एवढंही वर सांगितलं.

तिथल्याच बाकावर बसलो. मांडीवर सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट. पोरीनं किती वेळा बोलायचा प्रयत्न केला आणि मी दरवेळी हात वर केला. रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ती फॉर्म्युले दुरुस्त करत होती आणि मी तिकडे तिची सीट घालवत होतो. कशाचंही इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. घरी बसनं आलो की चालत, आठवत नाही.

दारातच बायकोला सांगितलं, मी घात केला, ठकीची सीट गेली. बायकोनं मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, फी भरून झाली. ६ तारखेलाच. मी हाफ डे घेतला होता ना. सहा तासांवरच्या शहरातलं कॉलेज आहे, हॉस्टेलही मिळालं. तुम्हाला सांगायला आले होते, तर तुम्ही म्हणालात, अंतिम आकडा आल्याशिवाय चर्चा नाही.

ही रोजनिशी मागे उलटून पाहिली. ६ जूनला तसं लिहिलेलं आहे.

ठकी समोर येऊन बसली. मी नाही म्हटलं असतं तर काय केलं असतंस, असं तिला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमचं नाही कधी फार दिवस टिकत नाही. मग रिपोर्ट मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसली. सोनेरी अक्षरं तिला आवडली.

१ जुलै

चादरी, बादली, कुलूप आणि चाकांच्या बॅगेचा खुलासा मिळाला.

‘पर्याय ब’ परत घालावा लागणार. हॉस्टेलचा खर्च येतो, पण घरची वीज आणि बिस्किटं वाचतात. फरक किरकोळ आहे.

९ जुलै

ठकीला सोडून आलो. खोली लहान पण हवेशीर. खिडकीची कडी सैल होती, ती मी पिळून दिली. नळ तपासला. दाराचं कुलूप चार वेळा लावून पाहिलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ठकी म्हणाली, बाबा, आता जा, नाहीतर मी रडेन. मी म्हटलं, रडण्यासारखं काय आहे, तीन वर्षांचा प्रकल्प आहे. बसमध्ये बायकोनं माझ्याकडे रुमाल सरकवला. माझ्या खिशात माझा होता, पण तिचा घेतला.

१४ जुलै

चहानंतर लॅपटॉप घेऊन बसलो. शीटमध्ये करण्यासारखं काही शिल्लक नाही.

संकल्प: संध्याकाळी चालायला जायचं.

१५ जुलै

चालायला गेलो नाही. बूट चावतात.

२ ऑगस्ट

डबा खायला हल्ली लॅबमध्ये जातो. माझ्या जुन्या खुर्चीत बसून मान अवघडते, म्हणून. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, काय काम काढलंत? मी म्हटलं, खर्चाची तपासणी. रोज तेच सांगतो. आता त्या विचारत नाहीत, कोपऱ्यातलं स्टूल पुढे करतात. शिडी मला रंग जुळवायला शिकवतो आहे. माझा पिवळा अजून हिरव्यात जातो.

रविवारी ठकीचा फोन आला. पहिल्याच प्रॅक्टिकलला चंचुपात्र फोडलं म्हणाली. मी सांगितलं, काळजी करू नकोस, तरतूद आहे. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ बरं वाटत होतं.

लॅबमधल्या वासाबद्दल मी पूर्वी काही लिहिलं होतं. ते मागे घेतो. ठकीच्या कपड्यांना आता असाच वास येत असणार.

१० सप्टेंबर

साहेबांनी विचारलं, कॉस्टिंगचा माणूस रोज लॅबमध्ये काय करतो आणि त्यातून कंपनीला फायदा किती? डब्यातल्या सायीची गोष्ट सांगितली. आता झाकणं लगेच लागतात आणि तूट निम्म्यानं उतरली आहे. साहेब खूश झाले. हे कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अनुभवातून.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, ठकीला फोन करून खरं काय ते सांगा. केला. ठकी इतकी हसली की शेजारच्या मुलीनं काय झालं ते विचारलेलं मला ऐकू आलं.

४ ऑक्टोबर

पुढच्या आठवड्यात ठकीला सुट्टी. तिच्या खोलीच्या भिंतींची देखभाल बरेच दिवस राहिली होती. तिच्या येण्याशी त्याचा काही संबंध नाही. भिंतीला रंग मी स्वतः जुळवला, लॅबमध्ये, शिडी नुसता बघत उभा होता. फिकट निळा. हिरव्यात गेला नाही. बाईंनी चमचाभर रंग पुठ्ठ्यावर फासून उजेडात धरला आणि पास म्हणाल्या. नियमाप्रमाणे चिठ्ठीही दिली. ती पाकिटात ठेवली आहे.

८ ऑक्टोबर

भिंतींना रंगाचे दोन हात देऊन झाले. बिस्किटांचा डबा भरला. टेबलावरच्या दिव्याला नवा बल्ब लावला. संध्याकाळी दाखवायला एक नवं शीट काढून ठेवलं आहे, विषय अजून ठरवलेला नाही.

१० ऑक्टोबर

ठकीचा फोन. आवाजातच आनंद मावत नव्हता. कॉलेजच्या लॅबला सुट्टीत मदतनीस हवे होते, बाटल्यांची मांडणी आणि द्रावणं करायला. सरांनी पहिल्या वर्षातून तिला एकटीला निवडलं. मानधन आहे. बाबा, पहिली कमाई, तुमच्या शीटमध्ये चौथ्या वर्षी सुरू होणार होती ना, ती आत्ताच झाली. त्यामुळे या सुट्टीत घरी येता येणार नाही, असं शेवटी भरभर सांगितलं.

मी तिचं अभिनंदन केलं. पैसे नीट ठेव म्हटलं. भिंतीचं सांगितलं नाही.

फोन ठेवून तिच्या खोलीत जाऊन बसलो. नवा रंग अजून वास मारत होता, पण खिडकी उघडावीशी वाटली नाही. बायको दारात आली. तिनं विचारलं, कमाई लवकर सुरू झाली म्हणजे वसुलीही लवकर, नाही का? मी म्हटलं, हो, बऱ्यापैकी लवकर. ती म्हणाली, मग बघा ना नवा आकडा काय येतो ते. आणि माझ्या शेजारी पलंगावर बसली.

आकडा चांगलाच येणार, त्यात शंका नाही. पण शीट उघडलं नाही. लॅपटॉपचं चार्जिंग संपलं होतं, एवढंच.